सहा इंची माणसांची कॉफी

सासरे आमच्याकडे कायमचे राहायला आले, त्याच्या आदल्या दिवशी मी माझी सगळी माणसं बुटांच्या खोक्यांत भरली आणि खोकी पलंगाखाली ढकलली. अकरा माणसं होती. प्रत्येकाची उंची साधारण सहा इंच. कोपर, गुडघे, मनगटं वळणारी, मान फिरणारी. कुणाच्या अंगावर चिलखत, कुणाच्या खांद्यावरून पायघोळ झगा, एकीच्या पाठीवर बाणांचा भाता. दुकानात त्यांना ॲक्शन फिगर म्हणतात. माझ्या आईनं पुण्याहून फोनवर विचारलं होतं, "म्हणजे बाहुल्याच ना गं?" मी पाच मिनिटं तिला फरक समजावून सांगितला. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "बरं. बाहुल्याच."

मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते. व्हाइटफील्डला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होते, अजूनही करते. आठवड्यातले तीन दिवस ऑफिस, मंगळवार आणि गुरुवार घरून. बाहुल्यांचं हे खूळ माझ्या डोक्यात ऑफिसनंच घातलं. वर्षअखेरीला आम्ही चिठ्ठ्या टाकून एकमेकांना भेटी देतो, त्यात मला कुणीतरी हा चंदेरी चिलखतवाला दिला. कुणी दिला ते आजतागायत कळलेलं नाही. मी तो घरच्या टेबलावर ठेवून दिला आणि विसरून गेले. मग एका मंगळवारी, कंटाळवाणी मीटिंग चालू असताना, मी हनुवटी टेबलावर टेकवून बसले होते. समोर कॉफीचा मग होता, त्याच्या शेजारी तो उभा होता, आणि खिडकीतून तिरकं ऊन येत होतं. माझा डोळा त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आला होता. तिथून तो मग एखाद्या किल्ल्याच्या बुरुजासारखा दिसत होता, आणि बुरुजाखाली एक दमलेला माणूस उभा होता. मी फोन काढून फोटो घेतला. मीटिंगमध्ये मला काहीतरी विचारलं गेलं, ते मी ऐकलंच नाही.

तेव्हापासून मला घरात निराळीच जागा दिसायला लागली. परातीतली कणीक म्हणजे वाळवंट. कोथिंबिरीच्या जुडीत घुसलं की जंगल. ओल्या बाथरूममध्ये फरशीला गाल लावून पाहिलं तर समुद्रावरची संध्याकाळ. एक जुना कॅमेरा घेतला, जवळचं टिपणारी एक लेन्स घेतली. माणसं एकाची अकरा झाली. फोटो मी इंटरनेटवर टोपणनावानं टाकायचे. नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. तो हसायचा, पण चुकून एखाद्याला पाय लागला तर 'सॉरी हां' म्हणायचा. तेही त्या माणसाला, मला नाही.

पण सासऱ्यांची गोष्ट वेगळी होती. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही अण्णाच म्हणते. त्यांचं घराणं इतक्या पिढ्यांपूर्वी बेंगळुरूला आलेलं की मूळ गाव कुठलं यावर घरात एकमत नाही. त्यांचं मराठी वाक्य सुरळीत सुरू होतं आणि मध्येच कन्नडच्या गल्लीत शिरून दुसऱ्या टोकाला बाहेर पडतं. यशवंतपूरच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी उमर लेथवर काढली. टर्नर होते. सासूबाई गेल्यावर तीन वर्षं तिथल्या घरी एकटे राहिले. मग एकदा बल्ब बदलताना स्टुलावरून पडले. लागलं फारसं नव्हतं, पण माझा नवरा जाऊन त्यांना दोन ट्रंकांसह आमच्या के. आर. पुरमच्या फ्लॅटवर घेऊनच आला.

आले ते पाहुण्यासारखे राहू लागले. स्वतःची कपबशी स्वतः विसळत. पेपर वाचून झाला की पुन्हा घडीवर घडी घालून ठेवत. टीव्ही लावायच्या आधी मला विचारत, "लावू का मा?" लेकीसुनांना इथे लाडानं 'मा' म्हणतात, तेवढीच काय ती जवळीक. मीही त्यांच्याशी अदबीनं वागत होते. अदबीनं वागणारी दोन माणसं दिवसभर एका घरात असली की घर दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीसारखं होतं. मला वाटायचं, या माणसानं आयुष्यभर लोखंड कापलं. त्यांना कळलं की सून या वयात बाहुल्यांचे फोटो काढते, तर ते काही बोलणार नाहीत, फक्त पेपरची घडी आणखी नीट घालतील. ते मला नको होतं.

म्हणून मी वेळ शोधून काढली. अण्णा रोज चारला खाली फिरायला जात. सोसायटीला पाच फेऱ्या, मग पार्किंगजवळच्या बाकावर बसणं, बरोबर पाचला घरी. आमच्या स्वयंपाकघरात पश्चिमेचं ऊन नेमकं त्याच वेळी ओट्यावरून फरशीवर उतरतं. मंगळवारी-गुरुवारी चार ते पाच मी ऑफिसच्या कॅलेंडरवर 'व्यग्र' अशी पट्टी ओढायचे आणि पलंगाखालून खोकं काढायचे.

तो गुरुवार होता. मला बर्फात उडी घेणारा चिलखतवाला हवा होता. बर्फासाठी अर्धा किलो मैदा फरशीवर पसरला होता. चिलखतवाल्याला मी मासे पकडायच्या बारीक दोऱ्यानं वरच्या कपाटाच्या मुठीला टांगलं होतं. मी स्वतः पालथी पडले होते, कोपरापर्यंत मैद्यात, कॅमेरा डोळ्याला, आणि तोंडानं फुंकर मारून बर्फ उडवायचा प्रयत्न चालू होता. फुंकर मारली की कॅमेरा हलायचा. कॅमेरा स्थिर धरला की फुंकर हुकायची.

"काय शोधतेस मा?"

अण्णा दारात उभे होते. खालच्या बाकाला नवा रंग दिला होता म्हणून ते लवकर परत आले होते. मी तशीच पडून राहिले. उठले असते तर पुढून सगळी पांढरी दिसले असते.

"फोटो काढतेय अण्णा," मी म्हणाले. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "यांचे. म्हणजे... छंद आहे मला."

ते आत आले. मैदा चुकवत, भिंतीच्या कडेनं. खाली वाकून त्यांनी त्या टांगलेल्या माणसाकडे बराच वेळ पाहिलं.

"हे काय करायलंय?"

"उडी मारतोय."

"दोरा दिसेल की."

"तो नंतर कंप्युटरवर पुसून टाकते."

"दोरा पुसला तरी," अण्णा म्हणाले, "हे उडी मारत नाही. लटकतंय."

मी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर आतापर्यंतचे सगळे फोटो पाहिले. खरंच, प्रत्येक फोटोत तो लटकत होता. दांडीवर वाळत घातलेल्या शर्टासारखा. महिनोन्महिने मला कळत नव्हतं की माझ्या उड्यांत काय कमी पडतंय.

"उडी मारणाऱ्याचं वजन पुढं जातं," अण्णा म्हणाले. मग बहात्तर वर्षांच्या त्या माणसानं एका हातानं ओटा धरला आणि मला उडी करून दाखवली. म्हणजे उडी नाही, उडीच्या आधीचं सगळं. एक गुडघा वर घेतला, कंबर फिरवली, खांदा पुढे टाकला. "आणि डोळे कुठं? जिथं पडायचं तिथं. हा बघ, हा समोर बघायलाय. समोर बघून कोण उडी मारतं? अय्यो, पाय मोडेल."

त्यांनी चिलखतवाल्याला हातात घेतलं. त्या जाड बोटांनी ते त्याचे सांधे एकेक करून वळवू लागले, प्रत्येक सांधा किती फिरतो ते आधी बघून, जोर न लावता. मग परत टांगला, दोरा पाठीऐवजी कमरेला बांधला. तो आता पुढे झुकला होता, एक गुडघा छातीशी, मान खाली.

"मी फुंकतो," अण्णा म्हणाले. "तू मशीन धर."

मी तीन म्हणताच त्यांनी फुंकर मारली. विडीकाडी कधी न केलेल्या माणसाची फुंकर ती, अर्धा मैदा माझ्या केसांत गेला. पण फोटोत मात्र तो माणूस बर्फाच्या लाटेवरून खरोखर झेपावत होता. मी पडद्यावर त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून डोळे बारीक केले.

"सरी," ते म्हणाले. बरं झालं, जमलं, पुढे चला, हे सगळं त्या एका शब्दात येतं. मग जाता जाता म्हणाले, "आणि हे पीठ चाळून परत डब्यात घालू नको मा."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून आले तेव्हा माझी अकराही माणसं डायनिंग टेबलावर पेपर अंथरून ओळीनं झोपवलेली होती आणि अण्णांची एक ट्रंक उघडी होती. मला वाटलं होतं त्या ट्रंकेत सासूबाईंच्या साड्या असतील. तिच्यात हत्यारं होती. कानशी, हातानं फिरवायचे बारीक ड्रिल, चिमटे, तेलाच्या कुप्या, प्रत्येक वस्तू जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली. तिरंदाज बाईचं मनगट कधीचं तुटलं होतं. मी ते गोंदानं चिकटवायचे आणि ते पुन्हा सुटायचं. अण्णांनी दोन्ही तुकड्यांत केसाएवढी भोकं पाडून आत पितळी तारेचा तुकडा बसवला होता. मनगट आता फिरतही होतं.

"हिचं झालं," ते म्हणाले. "झगेवाल्याचं कंबरडं ढिलं आहे. तो उद्या."

संध्याकाळी नवरा आला तेव्हा आम्ही दोघं जमिनीवर बसून ढिल्या कमरेवर चर्चा करत होतो. तो दारातच बूट काढायचा थांबला. रात्री जेवणानंतर भांडी लावताना मला म्हणाला, "माझ्याबरोबर कधी असे बसले नाहीत ते. घरी यायचे तेव्हा मी झोपलेला असायचो." तो तक्रार करत नव्हता, पण बराच वेळ एकच ताट पुसत होता. मी त्याच्या हातातून ताट घेतलं.

पुढचे दोन महिने मी आणि अण्णांनी फार मजा केली. कुकरच्या शिट्टीच्या वाफेत एकाला हरवून टाकलं. फ्रीजच्या दाराच्या उजेडात एकाला तुरुंगात टाकलं. आमचं एकच भांडण व्हायचं. माझ्या फोटोत नेहमी मारामारी असायची. कुणीतरी झेप घेतंय, कुणीतरी पडतंय. अण्णा पोझ बरोबर करून द्यायचे, पण कंटाळले होते.

"हे लोक जेवतात कधी?" एक दिवस त्यांनी विचारलं.

"जेवताना फोटो काय काढायचा अण्णा?"

"अठरा तास मारामारी करणार तर कॉफी लागेल की."

आणि मग त्यांनी मला त्यांचं हॉटेल सांगितलं. कारखान्याच्या कोपऱ्यावर एक दर्शिनी होती, उभ्यानं खायचं छोटं हॉटेल. सकाळी सहाला पाळी सुरू व्हायच्या आधी तिथे जायचं. गल्ल्यावर टोकन घ्यायचं, खिडकीवर टोकन द्यायचं, स्टीलच्या उंच गोल टेबलावर कोपर टेकून कॉफी प्यायची. बोलायचं नाही फारसं. नुसतं उभं राहायचं चौघांनी. "ते दहा मिनिटं," अण्णा म्हणाले, "कुणी काही विचारत नसे." आता तिथे मोबाईलचं दुकान आहे.

मी अजून मारामारीच्याच बाजूनं होते, पण ते सांगत असताना मला फोटो दिसला. रात्रभर शहर वाचवून आलेली माणसं, सकाळी सहाला, दर्शिनीत, कॉफी पीत.

"करूया," मी म्हणाले.

भिंती पुठ्ठ्याच्या केल्या. फरशी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या पांढऱ्या बाजूवर चौकटी आखून केली. मेनूचा फळा मी लिहिला, कन्नड अण्णांनी सांगितलं. टेबलाशी मात्र गाडी अडली. पुठ्ठ्याचं टेबल करून त्याला चांदीच्या रंगाचा कागद लावला, तर तो सुरकुतला. रंग लावला, तर तो रंगच वाटायला लागला.

अण्णांनी ते टेबल बोटावर तोललं आणि खाली ठेवलं. "हे स्टील नाही. फोटोत सगळे ओळखतील."

"कोण ओळखणार अण्णा?"

"मी."

मग ते ट्रंकेतून व्हर्नियर घेऊन आले, केसाएवढी जाडीसुद्धा मोजणारं ते माप. त्यांनी तिरंदाज बाईला उभं करून जमिनीपासून तिच्या कोपरापर्यंतची उंची मोजली. "उभ्याचं टेबल कोपराला लागतं," ते म्हणाले, आणि आकडा पेपरच्या कडेला लिहून ठेवला.

शनिवारी आम्ही मेट्रोनं यशवंतपूरला निघालो. मॅजेस्टिकला गाडी बदलताना एवढ्या गर्दीत अण्णा माझ्यापुढे चालत होते. के. आर. पुरमला आल्यापासून मी त्यांना इतकं भरभर चालताना पाहिलं नव्हतं. पिशवीत तिरंदाज बाई होती, मापाला लागली तर असावी म्हणून.

कारखाना आता जुन्या मालकांची मुलगी चालवते. चाळिशीची, डोळ्यांवर संरक्षक चष्मा, हातात टॅब. "बन्नी अंकल, बन्नी," म्हणजे या, या, म्हणत ती स्वतः पुढे आली. आत सगळी नवी, बंद काचेआड आपोआप चालणारी मशिनं होती. पण मागच्या कोपऱ्यात एक जुना हिरवा लेथ होता. अण्णांनी त्याच्या अंगावरून हात फिरवला आणि मग ती बोटं नाकाशी नेली. त्यांनी काय हवंय ते तिला सांगितलं. मी मधे पडून कारण समजावणार होते, तेवढ्यात त्यांनी पिशवीतून तिरंदाज बाईला काढून लेथच्या बाजूला उभं केलं. मालकीणबाईंनी एकदा त्या बाहुलीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, आता हसणार. त्या म्हणाल्या, "हिच्या उंचीला पाय जाड नको, अंकल. बारीकच करा."

"ओढणी काढ," अण्णा मला म्हणाले. तो आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. "लेथजवळ ओढणी नको. केस बांध. आणि तिथं उभी राहा, पुढं येऊ नको."

त्यांनी ॲप्रन चढवला, चमकेला स्टीलसारखी पण कापायला मऊ अशी ॲल्युमिनियमची कांडी लावली, मशीन सुरू केलं. मी सॉफ्टवेअर तपासते. माझ्या कामात काहीच हाताला लागत नाही. इथे चंदेरी कीस कुरळा होऊन त्या कांडीवरून उतरत होता, आणि आतून टेबलाचा पाय बाहेर येत होता, मग त्यावरची गोल तबकडी. अण्णांचे हात घरी थोडे थरथरतात, कप ठेवताना बशी वाजते. लेथच्या मुठींवर ते हात हलतही नव्हते, आवाज ऐकून ते मशीन पुढेमागे करत होते. पाऊण तासात तीन टेबलं झाली. मी खुणेनंच विचारलं, संपलं? त्यांनी मान हलवली. अजून पेले राहिले होते.

पेला वाटाण्याएवढा. बाहेरून गोल, आतून पोकळ, वरची कड बाहेर वळलेली, कारण तिथेच तर धरतात, खाली भाजतं. पहिला पेला कापून सुटला आणि टुणकन उडाला.

मशीन बंद झालं. "हलू नका कुणी," अण्णा म्हणाले. मग मी, त्या मालकीणबाई आणि त्यांचे दोन ऑपरेटर, चौघंही गुडघ्यांवर बसून धातूच्या किसात तो पेला शोधू लागलो. प्रत्येक चकाकणारी गोष्ट पेल्यासारखीच दिसत होती. दहा मिनिटांनी मालकीणबाई हसत हसत उठल्या आणि त्यांनी बोट दाखवलं. पेला अण्णांच्या ॲप्रनच्या खिशात बसला होता. अण्णांनी तो तळहातावर घेतला, फुंकर मारली, उजेडाकडे धरला. "स्वल्प तिरका आहे," म्हणाले, आणि दुसरा करायला घेतला. तो तिरका पेला मालकीणबाईंनी मागून घेतला. त्यांच्या केबिनमध्ये टेबलावर आहे अजून.

रविवारी सकाळी डायनिंग टेबलावर हॉटेल उभं राहिलं. गॅलरीच्या दाराला पांढरा कागद लावून ऊन मऊ केलं. झगेवाल्यानं झगा सांबारात जाऊ नये म्हणून एका हातावर गोळा करून धरला होता, ती अण्णांची सूचना. चिलखतवाल्याचं शिरस्त्राण काढून टेबलावर ठेवलं होतं. तिरंदाज बाई कोपर टेकून उभी होती, आणि कोपर खरंच टेकत होतं. माझं एक माणूस कॉफीच्या खिडकीसमोर हात पुढे करून होतं. "आधी टोकन घे म्हणाव त्याला," अण्णा म्हणाले.

पेल्यामागच्या पुठ्ठ्याच्या भिंतीला भोक पाडून पलीकडे उदबत्ती लावली, वाफेसाठी. ते जमलं. जमेना ती कॉफी. मी खरी फिल्टर कॉफी सिरिंजमधून पेल्यात थेंब थेंब सोडत होते, आणि प्रत्येक वेळी ती वर फुगून गोल टेकडीसारखी उभी राहायची. कमी घातली तर खोल दडून बसायची. सपाट होईचना.

"पाणी लहान होत नाही मा," अण्णा खुर्चीत मागे रेलून म्हणाले. "बाकी सगळं लहान करता येतं." त्यांच्या आवाजात हार होती. ऊन सरकत होतं. आणखी वीस मिनिटांत ते टेबलावरून उतरलं असतं.

"साबण घाला," स्वयंपाकघरातून नवरा म्हणाला. तो इतका वेळ इडल्या काढत होता आणि आमच्याकडे लक्ष नाही असं दाखवत होता. "भांड्याचा. टोक बुडवा फक्त. पाण्याचा ताण मोडतो."

मी टाचणीचं टोक साबणात बुडवून पेल्याला लावलं. टेकडी झटकन बसली. कॉफी सपाट झाली, कडेला लागली, आणि वर साबणाचे चारपाच बारीक बुडबुडे आले, अगदी फेसाळ कॉफीसारखे.

अण्णा खुर्चीतून उठले. "अरे!" ते मोठ्यानं म्हणाले. "अरे, बरोबर!" आणि त्यांनी मुलाच्या पाठीवर थाप मारली. सणसणीत. नवऱ्याच्या हातातला इडलीचा चमचा खाली पडला. तो तसाच उभा राहिला, कान लाल झालेले.

"आता इथं ये," अण्णा त्याला म्हणाले. "ते ताट घे. ऊन त्या बाईच्या तोंडावर पाड."

नवऱ्यानं स्टीलचं ताट धरलं. अण्णांनी त्याचं मनगट धरून ताट वळवलं, थोडं खाली, थोडं डावीकडे, आणि उजेड बरोबर जागी पडल्यावरही त्यांनी मनगट सोडलं नाही. मी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवली. समोर सकाळचे सहा वाजले होते. चार दमलेली माणसं कॉफी पीत उभी होती आणि कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. मी एकोणीस फोटो काढले. सातवा चांगला आला, पण मी थांबलेच नाही, कारण मी थांबले असते तर ताट खाली गेलं असतं.

तो फोटो मी माझ्या टोपणनावाच्या जागी टाकला. लोकांना आवडला. पण खरी गंमत झाली ती अण्णांनी तो कारखान्यातल्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला तेव्हा. चिलखत, झगा, धनुष्य यावर एकानंही अवाक्षर काढलं नाही. पहिला निरोप आला, 'टेबलाचा पाय स्वल्प जाड.' दुसरा आला, 'हात धुवायचं बेसिन कुठे?' तिसऱ्यानं लिहिलं की बेसिन उजवीकडे होतं, त्यावर चौथा म्हणाला डावीकडे, आणि संध्याकाळपर्यंत त्या ग्रुपवर एवढं भांडण पेटलं की अण्णांना जेवायला बोलवावं लागलं.

पुढच्या रविवारी भांडण मिटवायला तिघेजण स्वतःच आले. एक वेल्डर, एक फिटर, एक स्टोअरमध्ये काम करणारे, सगळे सत्तरीच्या पुढचे, इस्त्रीचे शर्ट घालून. नवऱ्यानं उप्पिट्टू केलं. त्यांनी हॉटेलभोवती खुर्च्या लावल्या आणि पुठ्ठ्याच्या भिंतीवर पेन्सिलीनं खुणा करायला लागले. बेसिन उजवीकडेच होतं, असं शेवटी ठरलं. वेल्डर म्हणाले, ते आता पत्र्याचं करून आणतील. फिटरना चिलखतवाला आवडला. त्यांनी त्याचा गुडघा पुन्हापुन्हा वाकवून पाहिला आणि म्हणाले, "चांगलं काम आहे."

मी कॅमेरा आणला तेव्हा तिघंही मला सांगायला लागले. इथून घ्या, वरून घ्या, बोर्ड आला पाहिजे, फ्लॅश मारा. एक जण तर माझ्या आणि खिडकीच्या मधेच येऊन उभे राहिले.

"ए," अण्णा म्हणाले. "तो विषय तिचा आहे. तिथं आपण बोलायचं नाही. ती सांगेल तसं करायचं."

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. पेपरच्या घडीची भीती वाटणारी, माणसं पलंगाखाली ढकलणारी मी, त्या चार म्हाताऱ्यांच्या मधोमध टेबलाला हनुवटी टेकवून बसले होते.

"काका, तुम्ही उजेडातून बाजूला व्हा," मी म्हणाले. "आणि तुम्ही हे ताट धरा. अण्णा, उदबत्ती."